संथ नाडीचा माणूस

ओळख झाली की तांडेल मास्तर नमस्कार करत नसत, मनगट धरत. मी डहाणूच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायला रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी आमची ओळख करून दिली. त्याबरोबर या उंच, काळ्यासावळ्या, खाकी हाफपॅंट घातलेल्या माणसाने माझा हात ओढून घेतला, मनगटावर तीन बोटं टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो उभा राहिला. मला वाटलं, शाळेने ज्योतिषीही ठेवलाय की काय. थोड्या वेळाने हात सोडून ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं काळीज फार बडबडं आहे. जरा पळत जा."

मी काही पळालो नाही. पळणं हा माझा प्रांत नव्हता आणि माझी अंगकाठी पाहून कुणी तसा आग्रहही धरला नसता. मास्तरांनी मात्र पुढची कित्येक वर्षं तो धरला.

ते आमचे ड्रिल मास्तर. चिखल्याचे. वडील मच्छीमार, स्वतःच्या होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान. घरात मॅट्रिक झालेले हे पहिलेच. रोज सकाळी चिखल्याहून नरपडच्या किनाऱ्याने ओल्या वाळूवरून पळत शाळेत येत, विहिरीवर दोन बादल्या अंगावर घेत आणि प्रार्थनेला शिट्टी घेऊन उभे राहत. संध्याकाळी त्याच वाटेने परत. भरती असली की ओली वाळू बुडायची, मग त्यांना चिकूच्या वाड्यांमधल्या रस्त्याने यावं लागायचं. त्या दिवशी स्वारी घुश्शात असे. रस्ता टाचांना मारतो, वाळू झेलून घेते, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी सकाळी पोरांना विनाकारण उठाबशा काढायला लावल्या की शिक्षकांच्या खोलीत आम्ही म्हणायचो, आज भरती दिसतेय.

त्यांचं एक शास्त्र होतं. कुठे वाचलेलं नव्हतं, स्वतःचंच होतं. जूनमध्ये शाळा उघडली की ते मोठ्या वर्गातल्या पोरांना व्हरांड्यात उताणं झोपवत, गप्प पडून राहायला सांगत आणि एकेकाची नाडी बघत. मग पोरांना महिनोन् महिने पळवत. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा तसंच उताणं झोपवायचं आणि पुन्हा नाडी बघायची. बहुतेकांची नाडी संथ झालेली असे. मग मास्तरांना कोण आनंद व्हायचा. "पळणाऱ्याचं काळीज माणसाळतं," असं ते म्हणत. रानटी जनावर उगाच धावत सुटतं, माणसाळलेलं सांगितल्यावर धावतं आणि एरवी उभं राहतं, हा त्याचा खुलासा. हे इतक्या वेळा ऐकलं होतं की वर्गातली पोरं त्यांची नक्कल करायची. ते नक्कल दाराआडून ऐकायचे आणि म्हणायचे, आवाज बरोबर आहे, छाती काढ.

एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. स्टेशनवरून त्यांना आणायला टांगा गेला आणि हेडमास्तरांनी स्वागताला तांडेल मास्तरांना पाठवलं. परतताना टांग्यात सामान आणि इन्स्पेक्टरसाहेब मिळून जागा संपली. मास्तर टांग्याच्या बाजूने पळत निघाले. वाटेत साहेबांनी शाळेची चौकशी आरंभली. पटसंख्या, इमारत, गळणारं छप्पर, सगळ्याची उत्तरं मास्तरांनी पळता पळता दिली, एकदाही दम न लागता. शाळेच्या फाटकात उतरले तेव्हा साहेबांनाच धाप लागली होती. स्टेशनसमोरच्या हॉटेलातले गुजराती शेठ हा किस्सा गिऱ्हाइकांना रंगवून सांगत आणि मास्तर समोरून गेले की हाक मारत, "मास्तर, तमे तो घोडा छो." मास्तर त्या हॉटेलात कधी बसत नसत. चहाने काळीज बिथरतं, असं त्यांचं मत होतं.

इथपर्यंतचे मास्तर आठवले की मला हसू येतं. पुढचं आठवायला नको वाटतं, पण मास्तर तेवढ्यावर संपत नाहीत.

संस्थेने त्यांना नोकरीत कायम करायचं ठरवलं. चिखल्याच्या घरात आई, बायको आणि बुडून गेलेल्या भावाची बायकापोरं एवढी तोंडं होती, मासळीचा धंदा काकांकडे गेला होता, आणि कायम होणं ही त्या घराची एकुलती एक आशा होती. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागे. संस्थेचे डॉक्टर म्हणजे गावातले एक म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे थोरले डॉक्टर म्हणत. अर्धं डहाणू त्यांनी हिवतापातून उठवलं होतं आणि गावाचा त्यांच्यावर देवासारखा विश्वास होता. मास्तरांबरोबर मीही दवाखान्यात गेलो होतो. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, मग बाजारात जाऊ.

थोरल्या डॉक्टरांनी मास्तरांना टेबलावर निजवलं आणि मनगट हातात घेतलं. मग आपलं घड्याळ कानाला लावून ते चालू आहे ना, हे पाहिलं. पुन्हा मनगट धरलं. नळी छातीला लावून बराच वेळ ऐकत राहिले. मास्तर छताकडे बघत गालातल्या गालात हसत होते. आपल्या नाडीचं आता कौतुक होणार, असंच त्यांना वाटत होतं.

"तांडेल, वडील कशाने गेले?"

"होडीत गेले. जाळं ओढता ओढता बसले ते उठले नाहीत."

डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढला. त्यांनी सांगितलं ते असं, की नाडी मिनिटाला चाळीसही भरत नाही. काळजाला हुकूम पोचवणाऱ्या तारा आतून तुटत चालल्या आहेत. वडील गेले तेही यानेच. पळणं आजपासून बंद, होडी बंद, जड उचलणं बंद. दाखला आत्ता देता येणार नाही. औषध देतो, सहा महिन्यांनी या, नाडी वर आली तर बघू.

थोरले डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडे संथ नाडी घेऊन येत ते आजारीच लोक. रोज चिखल्याहून पळत येणारा धडधाकट माणूस दवाखान्यात कशाला जाईल? त्यांनी तसा कधी पाहिलाच नव्हता. पण "उठा, अंगणात चार फेऱ्या पळा आणि पुन्हा मनगट द्या," एवढं ते म्हणाले असते, तर नाडी कशी उसळी घेते ते त्यांना तिथल्या तिथे दिसलं असतं. आज ते नाहीत, तरी या एका गोष्टीसाठी मला त्यांचा राग येतो.

बाहेर आल्यावर मी मास्तरांना म्हटलं, अहो, पोरांची नाडी पळून पळून उतरते हे तुम्हीच सांगता ना? मग तुमची उतरली तर त्यात काय बिघडलं?

मास्तर चालताना थांबले. "पोरांची उतरते ती ठीक आहे, गुरुजी," ते म्हणाले. "माझी उतरत उतरत कुठे जाऊन थांबणार?"

इतकी वर्षं ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तीच आता त्यांच्या वडिलांच्या मरणाला जाऊन चिकटली होती.

दुसऱ्या दिवसापासून ते बैलगाडीतून यायला लागले, नंतर एस.टी.ने. ड्रिलच्या तासाला मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि बसूनच शिट्टी वाजवत. त्यांच्या आईने घरातली घागरसुद्धा त्यांना उचलू दिली नाही. अंगाला मांद्य आलं, पोट सुटलं, शाळेचा जिना चढले की दम लागायला लागला. आणि नाडी वर आली. येणारच होती. थोरले डॉक्टर खूश झाले, म्हणाले औषध लागू पडलं. दाखला मिळाला, मास्तर कायम झाले. चिखल्याच्या घरी सत्यनारायण घातला, आम्ही सगळे जेवायला गेलो. मास्तरांची आई डॉक्टरांचं नाव घेऊन हात जोडत होती. त्या दिवशी वाढताना मास्तर दोन पंगतींत थकून ओटीवर जाऊन बसले, आणि बरा झालेला माणूस म्हणून सगळे त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होते.

लोकांच्या लेखी विषय संपला. मास्तरांच्या मनातून भीती गेली नाही. डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर, ही त्यांची बसण्याची तऱ्हाच झाली. वर्गात, सभेत, लग्नात, कुठेही. नाडी जरा संथ लागली की उठून येरझाऱ्या घालत, नाहीतर शेठच्या हॉटेलात जाऊन काळाकुट्ट चहा पीत. जो माणूस चहाला शिवत नव्हता तो दिवसाला आठ-दहा कप रिचवू लागला. शेठ आता घोडा म्हणत नसत. मुकाट्याने कप पुढे करत.

झोपेत सगळ्यांचीच नाडी मंदावते. मास्तरांना ते कुणीतरी सांगितलं आणि त्यांना झोपेचीच धास्ती बसली. एकदा मी चिखल्याला गेलो होतो, मास्तर किनाऱ्याकडे गेले होते आणि त्यांच्या बायकोने, पार्वतीवहिनींनी, मला पाणी दिलं. डोळे खोल गेलेले. बरं नाही का, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "भावोजी, हे झोपले की मी यांच्या छातीवर हात ठेवून जागी राहते. हळू झालं की उठवते. यांनीच तसं सांगितलंय. आता हात काढला तर माझ्यामुळे थांबेल असं वाटतं." सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळे उतरले होते, ते हाकलायला त्या उठून गेल्या. मी पाणी तसंच ठेवून बसून राहिलो.

हे सगळं एका माणसापुरतं राहिलं असतं, तरी मी कदाचित लिहायला बसलो नसतो. पण मग जान्या आला.

जान्या तलासरीकडच्या वेवजी गावचा, वारली. डहाणूच्या वसतिगृहात राहून शिकत होता. उशिरा शाळेत घातल्यामुळे वर्गात सगळ्यांत मोठा, मिसरूड फुटलेला. अभ्यासात बेताचा, पळण्यात मात्र असा की मास्तर खुर्चीतून उभे राहून बघत. गवतातून वाट काढत तालुक्याच्या बाजाराला जाणाऱ्या माणसांचा मुलगा तो, त्याला शर्यत म्हणजे काय हे मास्तरांनीच शिकवलं. जिल्ह्याच्या शर्यतीत तो सगळ्यांच्या इतका पुढे आला की पोलीस खात्याचे एक अधिकारी मास्तरांना शोधत आले. म्हणाले, मुलाला आमच्याकडे भरतीला पाठवा, असा पळणारा आम्हाला हवाच आहे. घरात पगार हा शब्द कुणी ऐकलेला नाही अशा पोराला सरकारी नोकरी. मास्तर त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी मोकळे हसले. आठवडाभर ते मला जान्याच्या गणवेशाबद्दल सांगत होते.

भरतीला न्यायच्या आधी त्यांनी जान्याला व्हरांड्यात उताणं झोपवलं. जुन्या सवयीने. मनगट धरलं. मी समोरच्या वर्गात होतो, मला ते दिसत होतं. मास्तरांनी मनगट सोडलं, पुन्हा धरलं, आणि त्यांचा चेहरा मातीसारखा झाला. जान्याची नाडी थोरल्या डॉक्टरांनी मोजलेल्या त्यांच्या नाडीहूनही संथ होती.

मी त्यांना म्हटलं, त्याला डॉक्टरकडे न्या. ते म्हणाले, डॉक्टरने एकदा कागदावर लिहिलं की या पोराला जन्मात कुठे चिकटता येणार नाही. आणि भरतीला पाठवलं तर पहिल्या दिवशी ते दहा मैल पळवतील. "माझा बाप जाळं ओढताना गेला, गुरुजी. हा माझ्या शिट्टीवर जाईल." मी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतलं, पण डोळ्यांसमोर त्यांना वडील दिसत होते, मी दिसत नव्हतो.

जान्याला त्यांनी समोर बसवून सांगितलं की तुझ्या काळजात खोट आहे, पळालास तर मरशील, भरतीला जायचं नाही. जान्याने का म्हणून विचारलं नाही. मास्तरांचा शब्द. वर्ष पुरं व्हायच्या आधीच तो वसतिगृह सोडून वेवजीला गेला आणि गवताच्या हंगामात कापणीला लागला. डहाणू रोडच्या स्टेशनात गवताच्या गासड्या रचलेल्या दिसल्या की मास्तर त्यांच्याकडे बघत थांबायचे. म्हणायचे, पोरगं जिवंत तरी आहे.

मधल्या काळात मुंबई राज्याची दोन राज्यं झाली. वेवजीच्या पलीकडच्या गावांना गुजरात म्हणू लागले. थोरले डॉक्टर वारले आणि त्यांच्या दवाखान्यात मुंबईहून शिकून आलेला त्यांचा पुतण्या बसला. गावाने त्याला लगेच धाकटे डॉक्टर करून टाकलं. बोलका, हसतमुख. मास्तर कसल्याशा तापासाठी त्याच्याकडे गेले, सोबतीला मी. मास्तरांनी आपल्या जुन्या दुखण्याची हकीकत सांगितली. तो मन लावून ऐकत होता आणि मध्येच त्याने विचारलं, "त्या वेळी तुम्ही पळत होतात का हो?"

मग त्याने समजावून सांगितलं, अगदी टांग्याच्या घोड्याचं उदाहरण देऊन. काळीज आपलं आपण धडधडतं, पण मेंदूकडून त्याच्याकडे दोन तऱ्हेच्या नसा येतात. एक चाबूक, एक लगाम. वर्षानुवर्षं पळणाऱ्याचा लगाम घट्ट होतो, काळीजही दणकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. म्हणून निवांत पडलं की नाडी संथ. आजाराने तार तुटली तर पळूनही नाडी वर येत नाही. पळणाऱ्याची झपाट्याने वर येते. "तुम्हाला काही झालं नव्हतं मास्तर," तो म्हणाला. "तुमच्याइतकं चांगलं काळीज तेव्हा डहाणूत दुसरं नसेल. काकांचं औषध लागू पडलं नाही. तुम्ही पळणं सोडलंत, म्हणून नाडी वर आली."

त्याला वाटलं, आनंदाची बातमी आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मास्तर म्हणाले, "म्हणजे माणसाळतं ते खरंच होतं." आणि मग, अगदी हळू, "जान्या."

पुढच्या रविवारी आम्ही एस.टी.ने तलासरीला गेलो आणि तिथून दुसऱ्या गाडीने वेवजीला. जान्या त्याच्या झोपडीपुढे कुडाच्या भिंतीला शेण लावत होता. मी त्याला ओळखलंच नाही. तिशीही आली नसेल, पण गालफडं बसलेली, पाठीला बाक आलेला. मास्तरांना पाहून त्याला झालेला आनंद मला बघवला नाही. त्याने बाज टाकली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. मग हात कमरेच्या फडक्याला पुसून त्याने मनगट पुढे केलं. "बघ मास्तर," तो म्हणाला. वारल्यांच्या बोलीत सगळ्यांनाच अरे-तुरे. "तू सांगला तसा मी पळाया सोडला. आता चांगली चालते."

मास्तरांनी मनगट धरलं नाही. ते बाजेवरून उठले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. धाकट्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी त्याला सोपं करून सांगितलं. तुला काही झालं नव्हतं, तुझं काळीज चांगलं होतं, भय माझ्या डोक्यात होतं. मी तुला जाऊ दिलं नाही. मी चुकलो.

जान्या ऐकत होता. त्याची बायको तांब्या घेऊन मध्येच थांबली होती.

"मंग मी पोलिसात असतू?"

"असतास."

जान्याने मान हलवली. त्याला राग आलेला दिसला नाही. कुडावर अर्धवट राहिलेलं शेण त्याने हाताने सारखं केलं.

"मास्तर," तो म्हणाला, "मंग आता कशाला सांगाया आलास?"

खाली पायवाटेवरून कुणीतरी त्याला हाक मारली, कापणीच्या मुकादमाचा माणूस असावा. जान्याने कोयता उचलला, पाणी पिऊन जा म्हणाला आणि उतरून गेला. आम्ही पाणी प्यालो. त्याच्या बायकोच्या हातात रिकामा तांब्या देऊन आम्ही निघालो.

फाट्यावर मास्तर मला म्हणाले, तुम्ही गाडीने या, मी तलासरीपर्यंत चालत येतो. मी नको म्हणत होतो, पण ते निघालेसुद्धा. गाडी बऱ्याच उशिराने आली. ती दोन वळणं पुढे गेली आणि मला खिडकीतून मास्तर दिसले. चपला हातात, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. ते पळत होते. पळत होते म्हणजे चार पावलं पळायचे, थांबायचे, वाकून गुडघ्यांवर हात टेकवून श्वास घ्यायचे आणि पुन्हा पळायला लागायचे. मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं. गाडी थांबली, दार उघडलं, मी हाक मारली. मास्तर गाडीच्या बाजूने, आमच्याकडे न बघता, पुढे निघून गेले.